डेनिस लॉ: पुसले गेलेले सहा गोल आणि पुसला न गेलेला एक

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. भाचा पंधरा वर्षांचा, पुढं खेळतो, अंगानं काडी, डोळ्याला चष्मा. त्याला कुणीतरी डेनिस लॉचा तो बॅकहीलचा व्हिडिओ दाखवला आणि सांगितलं की ह्या एका गोलनं लॉनं आपल्याच जुन्या टीमला, मँचेस्टर युनायटेडला, दुसऱ्या डिव्हिजनमध्ये ढकललं. तेव्हापासून पोरगं रोज संध्याकाळी गोलकडं पाठ करून टाचेनंच मारायला बघतंय. तर ही गोष्ट खरी आहे का, आणि साठ वर्षांपूर्वीच्या स्कॉटिश स्ट्रायकरकडून आजच्या पोरानं काही शिकण्यासारखं आहे का?

पहिल्याचं उत्तर: गोल खरा, गोष्ट खोटी. दुसऱ्याचं उत्तर लांबणार आहे. मी कोल्हापुरात तालमीच्या फुटबॉल टीमकडून बरीच वर्षं पुढं खेळलो, नंतर वीसेक वर्षं पोरांना शिकवतोय, आणि लॉवर बोलायला बसलो की मला आवरत नाही, हे घरचे सांगतील.

आधी तो गोल. तारीख 27 एप्रिल 1974, मैदान ओल्ड ट्रॅफर्ड. लॉ तेव्हा 34 वर्षांचा, अंगावर मँचेस्टर सिटीची निळी जर्सी. ज्या युनायटेडसाठी तो 11 वर्षं खेळला, ती टेबलाच्या तळाशी. 81 व्या मिनिटाला फ्रान्सिस लीकडून बॉल आत आला. लॉ गोलकडं पाठ करून उभा. त्यानं टाच लावली, बॉल गोलकीपर अ‍ॅलेक्स स्टेपनीला चकवून जाळ्यात. पुढचं बघा. नेहमी गोल झाला की बाहीचं टोक मुठीत धरून एक हात वर करणारा हा माणूस हात खाली सोडून तसाच चालत राहिला. सोबतचे पाठ थोपटताहेत आणि ह्याचा चेहरा मयताला आल्यासारखा. लगेच त्याला बाहेर काढलं. लीग फुटबॉलमधला हा त्याचा शेवटचा टच.

थोड्या वेळात प्रेक्षक मैदानात घुसले, रेफरीनं मॅच थांबवली ती थांबवलीच. पण लीगनं 1-0 हा निकाल कायम ठेवला.

आता हिशेब मांडू. त्या काळी विजयाला दोन पॉइंट मिळायचे. त्याच दुपारी बर्मिंगहॅम सिटीनं नॉर्विचला 2-1 हरवलं, आणि तिथंच युनायटेडचा निकाल लागला. युनायटेडनं ही मॅच जिंकली असती, उरलेली एक मॅचही जिंकली असती, तरी ती खालीच जाणार होती. लॉच्या टाचेनं टेबलात काही हललं नाही. मैदानातल्या माणसांना आणि खुद्द लॉला त्या क्षणी हे ठाऊक नव्हतं, म्हणून तो चेहरा. हिशेब नंतर कळला, पण लॉच्या मनातून तो गोल गेला नाही. जन्मभर गोल मारण्यासाठी धडपडलो आणि शेवटी असा एक मारला जो झाला नसता तर बरं, अशा अर्थाचं तो नंतर बोलत राहिला.

खरी गंमत पुढं आहे. मँचेस्टरमधल्या एका टीमला खाली पाठवायला लॉनं खरोखर हातभार लावला होता, पण 11 वर्षं आधी, आणि ती टीम होती सिटी.

15 मे 1963, सिटीचं मेन रोड मैदान. तेव्हा लॉ युनायटेडचा. दोन्ही टीम तळाशी गटांगळ्या खात होत्या. सिटी 1-0 नं पुढं. तशीच जिंकली असती तर त्या रात्री सिटी टेबलात युनायटेडच्या एक पॉइंट वर गेली असती. मॅच संपत आलेली असताना सिटीच्या खेळाडूनं गोलकीपरकडं एक मऊ बॅकपास दिला. लॉ त्याच्यामागं सुटला. बॉल गोलपासून लांब, बाहेरच्या बाजूला चालला होता, तिथून गोल होण्याची शक्यता जवळपास शून्य. पण मागं कुणीतरी धावत येतंय म्हटल्यावर गोलकीपर हॅरी डाउडनं लॉलाच पाडलं. पेनल्टी. अल्बर्ट क्विक्सॉलनं मारली, 1-1. तीन दिवसांनी वेस्ट हॅमनं सिटीला 6-1 असं तुडवलं. सिटी खाली गेली, युनायटेड 19 व्या नंबरवर वाचली.

ह्या 1-1 च्या मॅचमध्ये गोल करणाऱ्यांच्या यादीत लॉचं नाव नाही. ज्या गोलमध्ये त्याचं नाव आहे तो बिनवजनाचा निघाला, आणि ज्या धावेनं खरोखर वजन टाकलं तिथं नाव क्विक्सॉलचं. भाच्याला व्हिडिओ दाखवायचाच असेल तर मी त्या धावेचा दाखवेन. फुकट वाटणाऱ्या बॅकपासमागं पळणं हे स्ट्रायकरचं निम्मं काम, आणि पोरं नेमकं तिथंच चालत असतात.

लॉच्या सगळ्या कारकिर्दीत हे असंच घडत गेलं. मारण्याचं काम त्यानं केलं, पण त्या मारण्याची किंमत कधी पावसानं ठरवली, कधी रेफरीनं, कधी दुसऱ्या गावातल्या निकालानं.

पावसाची गोष्ट सांगतो, ती मला सगळ्यात आवडते. जानेवारी 1961. लॉ 20 वर्षांचा, सिटीत नुकताच रुळलेला. एफए कप म्हणजे इंग्लंडमधली हरला की बाहेर अशी स्पर्धा, तिची मॅच ल्युटनमध्ये, मैदान म्हणजे चिखलाचा रबरबाट. ल्युटननं दोन गोल आधीच टाकले. मग लॉनं एक, दोन, तीन करत सहा मारले. एकट्यानं सहा. 6-2. आणि 69 व्या मिनिटाला रेफरीनं सांगितलं, मैदान खेळण्याजोगं राहिलेलं नाही, मॅच रद्द. सहाच्या सहा गोल रेकॉर्डमधून गेले. चार दिवसांनी मॅच पुन्हा झाली, लॉनं परत एक मारला आणि सिटी 3-1 नं हरली. एका कप लढतीत सात गोल करून बाहेर पडलेला हा माणूस!

आता ह्या दोन मॅच शेजारी ठेवा. दोन्ही अर्ध्यावर थांबलेल्या. 1961 ला त्याला हवे होते ते सहा गोल पुसले गेले, 1974 ला जो एक पुसला गेला असता तर तो सुखानं झोपला असता, तो मात्र कायम राहिला. मैदानाबाहेर बसून कुणीतरी घेतलेले निर्णय. मी स्वतः एकदा दोन गोल मारून टायब्रेकरला हरलेल्या मॅचनंतर आठवडाभर घरी नीट बोललो नव्हतो. तेव्हा ल्युटनची गोष्ट मला माहीत नव्हती. माहीत असती तर बायकोचा आठवडा बरा गेला असता.

भाच्याच्या काडीपणाकडं येतो, कारण तुमच्या प्रश्नातली खरी काळजी मला तीच वाटली.

लॉ 24 फेब्रुवारी 1940 चा, स्कॉटलंडच्या उत्तर-पूर्व किनाऱ्यावरच्या अ‍ॅबर्डीनचा. वडील मासेमारीच्या बोटीवर. आठवड्याचे बहुतेक दिवस समुद्रात, घरात सात पोरं, त्यात हा शेंडेफळ. पहिले फुटबॉलचे बूट शेजाऱ्यानं दिले म्हणून मिळाले. चांगल्या शाळेत जागा मिळत होती, पण तिथं फुटबॉल नाही, रग्बी खेळतात म्हणून हा गेला नाही. आणि डोळा तिरळा. जाड चष्मा लावायचा, खेळताना काढायचा आणि तिरळा डोळा मिटून एकाच डोळ्यानं खेळायचा. एक डोळा मिटून वरून येणाऱ्या बॉलचं अंतर जोखून बघा एकदा, म्हणजे कळेल पोरगं काय करत होतं.

1955 ला, 15 व्या वर्षी, तो इंग्लंडमधल्या हडर्सफील्ड टाउनकडं गेला. तिथल्या लोकांनी कपाळाला हात लावला होता म्हणतात. खेळाडू मागवला तर हे चष्मेवालं चिपाड आलंय. पण क्लबनं दोन शहाणपणाच्या गोष्टी केल्या. एक, डोळ्याचं ऑपरेशन करवून तिरळेपणा घालवला. दोन, पुढं ज्यांनी लिव्हरपूल घडवली ते बिल शँकली तिथं होते आणि त्यांनी ह्याच्या पोटात मांस आणि दूध जाईल ह्याची व्यवस्था लावली. 24 डिसेंबर 1956 ला, 17 वं पूर्ण व्हायच्या आत, तो पहिल्या टीममधून खेळला. ऑक्टोबर 1958 ला वेल्सविरुद्ध स्कॉटलंडकडून पहिली मॅच आणि पहिला गोल, वय 18. त्या वेळी स्कॉटलंडच्या टीमचे मॅनेजर मॅट बझ्बी, म्हणजे युनायटेडचेच मॅनेजर. हे पोरगं त्यांच्या डोळ्यांत तेव्हापासून भरलेलं होतं.

मोठा झाल्यावरसुद्धा लॉ पाच फूट नऊ इंच आणि सडपातळच राहिला. पण हेडिंगमध्ये सहा फुटी डिफेंडरच्या वर जायचा. ह्यावर जरा बोलू दे, कारण आमच्याकडं ‘उंची नाही म्हणून हेडर नाही’ हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता चीड येते.

लॉचे जुने तुकडे बघताना बॉलकडं बघू नका, त्याच्या पायांकडं बघा. तो डिफेंडरच्या आधी जमीन सोडतो. अर्धा क्षण, जास्त नाही. डिफेंडर उडतो तेव्हा लॉ आधीच वर पोचलेला असतो, त्यामुळं डिफेंडरला त्याच्या अंगावरून जायला जागा उरत नाही. लोक म्हणायचे हा हवेत लटकतो. हवेत कुणी लटकत नाही. आधी उडालेला माणूस नंतर उडालेल्यापेक्षा जास्त वेळ वर असल्यासारखा दिसतो, इतकंच. पण आधी उडायचं तर बॉल कुठं पडणार हे इतरांच्या आधी कळायला हवं, आणि चुकलात तर हसं होणार. लॉची खरी ताकद ही होती. पायात स्प्रिंग असलेले पुष्कळ असतात, चुकायची तयारी असलेले थोडे.

दुसरी गोष्ट डीमधली, म्हणजे गोलसमोरच्या चौकोनातली. लॉ प्रत्येक शॉटला धरून चालायचा की गोलकीपरच्या हातून बॉल सुटणार. दहा वेळा धावला तर नऊ वेळा गोलकीपर बॉल नीट पकडायचा आणि हा रिकाम्या हातानं परत यायचा. दहाव्या वेळी बॉल छातीवरून उसळला की तिथं फक्त हा असायचा. बाहेरून बघणाऱ्याला ते नशीब वाटतं.

मी पोरांकडून हे असं करून घेतो. एकानं वीस यार्डांवरून मारायचं, गोलकीपरला मी आधी कानात सांगून ठेवतो की दहातल्या कुठल्याही एका शॉटला बॉल मुद्दाम सोड. कुठल्या, ते स्ट्रायकरला सांगायचं नाही. पहिल्या आठवड्यात पोरं चौथ्या-पाचव्या शॉटला धावायची बंद होतात. तिसऱ्या आठवड्यात एखादं दहाच्या दहा वेळा धावलेलं दिसतं. ते पोरगं पुढच्या फळीत ठेवायचं. बाकीचे कितीही छान ड्रिबल करोत, त्यांना मधल्या फळीत जागा आहे.

तिसरी, पाठ करून खेळणं. तुमच्या भाच्याला ह्याचीच हौस आहे म्हणून सांगतो, बॅकहीलच्या आधी 1963 चा कप फायनल दाखवा. वेम्बली, समोर लेस्टर, गोलमध्ये गॉर्डन बँक्स. बँक्सनं हातानं फेकलेला बॉल युनायटेडच्या पॅडी क्रेरँडनं मधेच हिसकावला आणि आत लॉकडं सरकवला. लॉ गोलकडं पाठ करून. पहिला टच घेतानाच तो गर्रकन वळला आणि दुसऱ्या क्षणी बॉल जाळ्यात. युनायटेडनं तो फायनल 3-1 नं जिंकला. वळणं आणि बॉल ताब्यात घेणं ही त्याची एकच हालचाल होती, दोन नव्हेत. टाचेनं मारणं ही पाठमोऱ्या खेळाची शेवटची पायरी आहे. भाचा वरच्या मजल्यावर उडी मारून चढायला बघतोय.

मधला इटलीचा काळ पटकन सांगून टाकतो. 1960 ला सिटीनं त्याला 55,000 पौंडांना घेतलं, ब्रिटनमधला तेव्हाचा विक्रम. तोपर्यंत इंग्लंडात खेळाडूंच्या पगाराला आठवड्याला 20 पौंडांची कमाल मर्यादा होती. ती जानेवारी 1961 ला उठली, तरी इटलीचा पैसा वेगळाच. त्याच उन्हाळ्यात तोरिनोनं 1,10,000 पौंड मोजले. सोबत ‘जो बेकर’ नावाचा स्ट्रायकर; तो स्कॉटलंडमध्ये वाढलेला पण जन्म लिव्हरपूलचा म्हणून इंग्लंडकडून खेळायचा. दोघांना तिथलं काही मानवलं नाही. बचावाचं फुटबॉल, पाठीला चिकटलेले डिफेंडर, खेळाडूंवर कडक पहारा. फेब्रुवारी 1962 ला बेकर चालवत असलेली गाडी उलटली. बेकर मरता मरता वाचला, लॉला किरकोळ लागलं. एवढं होऊनही लॉनं तिथं लीगमध्ये 27 मॅचमध्ये 10 गोल केले, आणि त्या काळच्या इटलीत हा आकडा वाईट मुळीच नाही. वर्षभरात तो परत आला, 1,15,000 पौंडांना, बझ्बींच्या युनायटेडमध्ये. मला वाटतं त्या एका वर्षानं त्याला एक गोष्ट दिली, ती म्हणजे पाठीवर माणूस असताना चिडून का होईना पण जागा काढायची सवय. चिडणं मात्र कधी गेलं नाही. लाथ बसली की लाथ परत, आणि त्यापायी त्याला एकदा नव्हे, अनेकदा महिनाभराच्या बंदी भोगाव्या लागल्या. ही सवय भाच्यानं घेऊ नये, एवढंच म्हणतो.

मग 1963-64. ह्या एका सीझनसाठी त्याला ‘किंग’ म्हणायचे असं मी धरतो. सगळ्या स्पर्धा मिळून 42 मॅच, 46 गोल. युनायटेडकडून एका सीझनमधला हा विक्रम आजही तसाच आहे. रूनी आला, व्हॅन निस्टेलरॉय आला, रोनाल्डो आला, कुणाला मोडता आला नाही. आणि त्यातही मधे 28 दिवसांची बंदी! त्याच ऑक्टोबरमध्ये एफएच्या, म्हणजे इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेच्या, शतकपूर्तीची मॅच वेम्बलीवर झाली, इंग्लंड विरुद्ध उर्वरित जग. जगाच्या टीममध्ये याशिन, दी स्टेफानो, पुश्काश, युसेबिओ, आणि त्यांच्या रांगेत अ‍ॅबर्डीनच्या कोळ्याचं पोर. जगाचा एकमेव गोल त्यानं केला.

1964 चा बॅलन डी’ऑर, म्हणजे युरोपातल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान, त्याला मिळाला. तो मिळवणारा लॉ हा आजवरचा एकमेव स्कॉटिश खेळाडू. आता परत हिशेब बघा. 1963-64 ला युनायटेडनं जिंकलं काय? काहीच नाही. लीगमध्ये लिव्हरपूलच्या मागं दुसरी, कपच्या सेमीफायनलला वेस्ट हॅमकडून हार, युरोपात स्पोर्टिंग लिस्बनकडून पाच गोलनी धुलाई. लीग आली 1965 ला आणि परत 1967 ला, जेव्हा त्याचे आकडे त्या सीझनच्या मानानं कमी होते. आमच्याकडं पेपरात ‘अमुकनं इतके गोल मारले’ वाचून पोराची किंमत ठरवणारे लोक आहेत, त्यांना हा सीझन आणि त्या वर्षीचं ट्रॉफीचं रिकामं कपाट दाखवावं.

आणि 1968. युनायटेडनं वेम्बलीवर बेन्फिकाला 4-1 हरवून युरोपियन कप जिंकला. 1958 च्या म्युनिकच्या विमान अपघातात बझ्बींची पोरं गेली, त्यानंतर दहा वर्षांनी. चार्लटन, बेस्ट आणि लॉ ही तीन नावं एका दमात घेतात, ओल्ड ट्रॅफर्डच्या बाहेर तिघांचा एकत्र पुतळा आहे, तिघांनाही बॅलन डी’ऑर मिळालेला. पण त्या रात्री लॉ मैदानात नव्हता. गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी मँचेस्टरच्या हॉस्पिटलात पडून टीव्हीवर बघत होता. पुढच्याच सीझनला तो युरोपियन कपमध्ये सर्वांत जास्त, 9 गोल करून आला, आणि टीम सेमीफायनलला थांबली. वर्षं उलटी लागली असती तर, असं आपण म्हणतो. तो कधी फार म्हणाल्याचं मला आठवत नाही.

गुडघ्यावर एक वाक्य. त्या काळी इंजेक्शन टोचून खेळवायचे, दुखणं मनातलं आहे म्हणायचे. आजही काही कोच तसंच म्हणतात. भाच्याचा गुडघा दुखला तर कोचचं न ऐकता हाडांच्या डॉक्टरकडं न्या, मी कोच असलो तरीही.

युनायटेडकडून एकूण 404 मॅच, 237 गोल. क्लबच्या इतिहासात रूनी आणि चार्लटनच्या मागं तिसरा. 1973 ला मॅनेजर टॉमी डॉकर्टींनी त्याला मोकळं केलं आणि ही बातमी त्याला अ‍ॅबर्डीनमध्ये टीव्हीवरून कळली. मग तो सिटीत आला, आणि मग ती टाच. म्हणजे त्या बॅकहीलच्या मागं अपमानाचा बदला असायला पूर्ण जागा होती. तरीही हात वर गेला नाही. गोल मारल्यावर जुन्या क्लबच्या प्रेक्षकांसमोर कानाला हात लावून नाचणारी आमची पोरं बघतो तेव्हा मला तो चालत जाणारा माणूस आठवतो.

स्कॉटलंडबद्दल बोललो नाही तर ही गोष्ट अर्धीच, कारण स्वतः लॉला विचारलं असतं तर त्यानं गडद निळी जर्सी आधी सांगितली असती. 55 मॅच, 30 गोल. पुढं केनी डाल्ग्लिशनं 30 ची बरोबरी केली, पण त्याला 102 मॅच लागल्या. (डाल्ग्लिशचे चाहते चिडतील. तो बराच मागून खेळायचा, हे मान्य.) एप्रिल 1961 ला वेम्बलीवर इंग्लंडनं स्कॉटलंडला 9-3 असं झोडपलं, त्या टीममध्ये लॉ होता. तो डाग त्याला बोचत राहिला. 30 जुलै 1966 ला सगळं इंग्लंड वर्ल्ड कप फायनल बघत होतं तेव्हा हा मुद्दाम गोल्फ खेळायला गेला. आणि 15 एप्रिल 1967 ला त्याच वेम्बलीवर, जगज्जेत्या इंग्लंडविरुद्ध पहिला गोल त्याचाच, स्कॉटलंड 3-2 नं विजयी. स्कॉटलंडचा जिम बॅक्स्टर मधेच बॉल पायावर उडवत इंग्लंडची थट्टा करत होता. लॉला थट्टा नको होती, त्याला अजून गोल हवे होते. 9-3 चा हिशेब चुकता करायचा होता ना! स्ट्रायकरची जात ही अशी.

पण वर्ल्ड कप? 1962 च्या पात्रता फेरीत चेकोस्लोव्हाकियाला 3-2 हरवताना लॉनं दोन मारले, आणि मग ब्रुसेल्सच्या प्लेऑफला स्कॉटलंड जादा वेळेत हरला. 1966, 1970 ला जायला मिळालंच नाही. शेवटी 1974 ला, 34 व्या वर्षी, त्या बॅकहीलनंतर दीडेक महिन्यानं तो पश्चिम जर्मनीत पोचला. एकच मॅच मिळाली, डॉर्टमुंडला आफ्रिकेतल्या झैरविरुद्ध. स्कॉटलंड 2-0 नं जिंकला, लॉला गोल नाही, पुढच्या दोन मॅचना तो बाहेर. ब्राझीलशी 0-0, युगोस्लाव्हियाशी 1-1. एकही मॅच न हरता स्कॉटलंड घरी परतला, कारण तिघांचे पॉइंट सारखेच झाले आणि निकाल गोलफरकावर लागला. झैरला युगोस्लाव्हियानं नऊ मारले, ब्राझीलनं तीन आणि ह्यांनी दोनच. ज्या माणसाचे सहा गोल चिखलात गेले, त्याच्या देशाला एक गोल कमी पडला! त्या ऑगस्टमध्ये त्यानं बूट काढून ठेवले.

शेवटचं, आणि हे मी पालकांना टाळू देत नाही. 2021 मध्ये लॉनं जाहीर केलं की त्याला स्मृतिभ्रंश झालाय. 17 जानेवारी 2025 ला, 84 व्या वर्षी तो गेला. त्याचा आजार हेडिंगमुळंच झाला असं कुणी म्हणू शकणार नाही, मीही म्हणत नाही. पण 2019 ला ग्लासगोमधल्या संशोधकांनी स्कॉटलंडच्या जुन्या व्यावसायिक खेळाडूंच्या नोंदी तपासल्या तेव्हा मेंदूच्या झिजेच्या आजारांनी मृत्यू होण्याचं प्रमाण इतरांच्या साधारण साडेतीन पट निघालं. पुढच्या वर्षी स्कॉटलंडनं बारा वर्षांखालच्या पोरांना सरावात हेडिंगच बंद केलं. मीही माझ्याकडं लहानांना हेडिंग देत नाही. तुमच्या भाच्याच्या वयाला शिकवतो, पण हलक्या बॉलवर, आठवड्यातून एकदा, मोजून. वर जे आधी उडण्याचं सांगितलं, ते बॉल नसतानाही शिकवता येतं. लटकवलेल्या रुमालाला कपाळ लावायचं, बस.

तर भाच्यासाठी माझी यादी छोटी आहे. चष्म्याचा नंबर परत तपासून घ्या आणि खेळासाठी पट्ट्याचा, न फुटणाऱ्या काचांचा चष्मा करून घ्या, एक डोळा मिटून खेळायची आता गरज नाही. रोज दूध, अंडी, जमेल तेव्हा मटण. तांबडा रस्सा चालेल. अंग भरायला अजून दोन-तीन वर्षं आहेत, तोवर जिममध्ये वजनं उचलायला पाठवू नका. आणि महिनाभर टाचेला सुट्टी द्या. गोलकीपरकडं परत जाणाऱ्या प्रत्येक बॉलमागं पळायला सांगा, मोजायला तुम्ही स्वतः कट्ट्यावर बसा. दहातल्या किती वेळा पळाला ते मला कळवा, मग त्याला कुठं खेळवायचं ते बोलू.